संजीवनी की गामिनी

मास्तर,

रविवारी तुम्हाला मूठमाती देताना माझ्या हातून भलतंच घडलं. सगळ्यांसारखी मीही वाकून माती उचलली, आणि ती खड्ड्यात टाकायच्या आधी हात आपोआप कपाळाला गेला. हुतुतूच्या मैदानात उतरताना जातो तसा. कपाळावर ओल्या मातीचा टिळा उमटला आणि मग उरलेली माती तुमच्यावर पडली. नवे पाळक प्रार्थना म्हणता म्हणता थबकले. बायकांत कुजबुज झाली. आपला जुना गडी याकोब तेवढा मान खाली घालून हसला, आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुमच्यासमोर हे म्हणायला नको, पण दुसरा शब्द सापडत नाही.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे. तुम्ही उभे असतात तर काय म्हणाला असतात? काहीतरी म्हणाला असतातच. तुमच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं, आणि ते थट्टेतलं की खरं, हे मला कधी कळायचं नाही.

तुमच्या मे महिन्याच्या शिबिराच्या कमिटीने मला सांगितलंय, "वस्ताद, मास्तरांबद्दल चार शब्द लिहून द्या, अंकात छापू." तुमचा जन्म, शिक्षण, कुठे कुठे शिकवलंत, ते दुसरं कुणीतरी लिहील. मला ते धड ठाऊकही नाही. तुम्ही नगरकडचे, यापलीकडे मी कधी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत. मला ठाऊक आहे ते असं, की तुम्ही गळ्यात शिट्टी अडकवायचात आणि कधी वाजवायचा नाहीत. हात वर करून नुसते उभे राहायचात, आणि पोरं आपसूक थांबायची. मग ती शिट्टी होती कशाला, हे विचारायचं राहिलं. असं पुष्कळ राहिलंय.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते चिंचवडला, आमच्या तालमीत. सायकलवरून उतरलात, पँटीला लावलेले चाप काढून खिशात टाकलेत आणि दारातच उभे राहिलात. मी तेव्हा पिंपरीच्या कारखान्यात नुकताच लागलो होतो आणि ड्युटी सुटली की तालमीत गड्यांचा हुतुतू घ्यायचो. माझे चुलते खांबाला टेकून बसले होते. त्यांनी तुम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत म्हणाले, "पावणं, मानूस तुमी चांगलं दिसताय. पर आमी बाटनार न्हाई. आदीच सांगून ठिवतो."

"बाटवायला नाही आलो," तुम्ही म्हणालात. "मला पकड शिकवणारा माणूस पाहिजे. आमची पोरं पळतात चांगली, पण धरायला गेली की हात सुटतो."

"आन् शिकली मंग? फुडं?"

"पुढं काय? धरतील."

सगळी तालीम हसली. चुलत्यांनासुद्धा मिशीतल्या मिशीत हसावं लागलं. मग तुम्ही मला बाजूला घेऊन सगळं सांगून टाकलंत. मे महिन्यात मिशनच्या शाळेमागे, पवनेच्या काठच्या पटांगणावर शिबिर असतं. सकाळी प्रार्थना, मग खेळ, दुपारी बायबलमधली गोष्ट, संध्याकाळी गाणी. पोरं सगळ्या जातिधर्मांची येतात. "शिबिर ख्रिस्ती आहे, वस्ताद. ते मी झाकणार नाही. ज्याला प्रार्थनेला बसायचं नाही त्यानं बसू नये. पण ती होणार." मी वस्ताद वगैरे कुणी नव्हतो. तुम्हीच ते नाव ठेवलंत, आणि पुढे अख्ख्या गावाने उचललं.

मी कारखान्यात दुसरी पाळी मागून घेतली, म्हणजे सकाळ मोकळी झाली. घरी वडील म्हणाले, "जा. पर तिथलं पानी पिऊ नगंस." तुम्ही मूळचे कोण, हे त्यांनी तुमच्या गावावरून आणि आडनावावरून मनाशी जुळवलं होतं. तुम्ही धर्म बदललात, पण आमच्या घराच्या लेखी ते काही बदललं नव्हतं. म्हणून मी सुरुवातीला घरून पितळी तांब्या भरून न्यायचो. मे महिन्याचं ऊन आणि तोंडाला मातीची कोरड, तांब्या तो किती पुरणार? एका सकाळी तो लवकरच संपला. मी थोडा वेळ दम धरला आणि मग सरळ तुमच्या माठातलं पाणी ओगराळ्याने घेऊन प्यायलो. तुम्ही ते पाहिलंत आणि लगेच दुसरीकडे पाहिलंत. ते दुसरीकडे पाहणं मला अजून आठवतं. एक शब्द बोलला असतात तर मी दुसऱ्या दिवशी आलो नसतो.

घरी गेल्यावर वडिलांना सांगितलं. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "गार व्हतं का?"

"व्हय."

"मंग झालं."

पुढच्या दिवसापासून तांब्या घरीच राहिला. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगतोय.

आणि त्या पहिल्याच वर्षीची ती फजिती! शेवटच्या दिवशी पुण्याहून मिशनचे मोठे साहेब सामना बघायला आले. विलायतेहून नुकतेच उतरलेले, मराठीचा गंध नाही. खुर्च्या मांडल्या, हार झाले, दोन्ही बाजूंचे गडी मैदानात उतरले. ख्रिस्ती पोरं, पिंपरीच्या निर्वासितांच्या वसाहतीतली सिंधी पोरं, आमच्या गावची चार-दोन. सगळ्यांनी वाकून माती कपाळाला लावली. इथवर ठीक होतं. मग याकोबने हात वर केला आणि खड्या आवाजात ललकारी दिली, "बोला, बजरंगबली की..." आणि पाळकांच्या पोरापासून सगळ्यांनी एका दमात "जय!" केला.

मी हे कुणाला शिकवलं नव्हतं, देवाशपथ. पण रोज सकाळी मैदानात पाऊल टाकताना मी स्वतः ते म्हणायचो, तालमीतली सवय. पोरांना वाटलं, रेघेला पाय लावायचा असतो तसा हाही खेळाचाच भाग. साहेब खूश झाले होते. त्यांनी वाकून तुम्हाला काहीतरी विचारलं, तुम्ही काहीतरी सांगितलंत, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर मी विचारलं, "काय सांगितलंत त्यांना?"

"म्हटलं, पोरं ताकद मागतायत."

"खोटं बोललात की, मास्तर."

"कुठं? ताकदच मागत होती. कुणाकडे, ते त्यांनी विचारलं नाही."

पण कमिटीतल्या एका वडीलधाऱ्यांना मराठी चांगलं कळत होतं आणि ते हसले नव्हते. संध्याकाळी त्यांनी बजावलं, जयघोष बंद, आणि ते माती कपाळाला लावणंही बंद, मातीला नमस्कार म्हणजे मूर्तिपूजाच. जयघोषाचं तुम्ही लगेच मान्य केलंत आणि मला तोंडावर सांगितलंत, "वस्ताद, तो आमच्या मंडळीला टोचतो. इथं नको." मला ते लागलं, पण तुम्ही आडून बोलला नाहीत म्हणून मी ऐकलं. मातीवर मात्र तुम्ही अडून बसलात. म्हणालात, "देवानं आदाम मातीचाच घडवला ना? मग पोरं आपल्या आजोबाच्या पाया पडतात असं समजा." माती राहिली.

गंमत अशी, की तुम्ही स्वतः कधी माती कपाळाला लावली नाहीत. तुम्ही रेघेबाहेर बूट काढून, मोजे त्यात खोचून अनवाणी आत यायचात. फुफाटा असला तरी. मी एकदा विचारलं, हे कशासाठी? तुम्ही म्हणालात, "पवित्र जागेवर देवानं मोशेलाही काढायला लावल्या होत्या वहाणा."

"कोण मोशे? कुठल्या तालमीतला?"

त्यावर तुम्ही इतके हसलात की शिट्टी तोंडात असती तर त्या दिवशी नक्की वाजली असती. पुढे कितीतरी दिवस मला बघितलं की "कुठल्या तालमीतला?" म्हणायचात. पण बूट का काढायचात, ते मला आजही नीट ठाऊक नाही. मातीला मान द्यायची तुमची रीत होती, की पोरांचे पाय भाजतात तर आपलेही भाजावेत म्हणून? की दोन्ही?

दुपारच्या गोष्टीच्या वेळी मी लांब, जांभळीखाली आडवा व्हायचो. झोपलोय असं दाखवायचो, पण कान तुमच्याकडे असायचे. दाविदाची गोष्ट सांगताना तुम्हाला गोफण दाखवायची होती, तर मला उठवलंत. मी घरून गोफण आणली, ऐटीत फिरवली, आणि धोंडा गोष्टीतल्या दांडग्या गल्याथाच्या कपाळाऐवजी स्वयंपाकघराच्या दारातल्या मडक्यात गेला. आचारी बाहेर येऊन जे बोलला ते बायबलात नसावं. तुम्ही पोरांना गंभीर चेहऱ्याने सांगितलंत, "बघा, दाविदाचं काम किती अवघड होतं."

आणि भर दुपारी, सगळे जेवून लवंडले की तुम्ही एकटेच मैदानात जायचात. डोक्यावर पंचा टाकून उन्हात उकिडवे बसायचात. मला वाटायचं, ही तुमची खास प्रार्थना असणार. एकदा राहवलं नाही म्हणून हळूच मागून आलो. तुम्ही मातीतले सराटे वेचत होतात, एकेक काटा चिमटीत धरून, पंचाच्या टोकात.

"मला वाटलं, प्रार्थना चाललीय."

"चाललीच आहे," तुम्ही म्हणालात. "बसा, तिकडचे वेचा."

बसलो. तुमचे ओठ हलत होते की नव्हते, हे मी चोरून बघत होतो. मला खरंच कळलं नाही.

आता आपल्या वादाकडे येतो. तो आपण इतके उन्हाळे घातला आणि मिटवला नाही. हुतुतू दोन तऱ्हांनी खेळतात हे न खेळणाऱ्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. संजीवनीत आपला गडी बाद झाला की रेघेबाहेर बसतो, आणि समोरचा एक गडी बाद केला की आपल्यातला एक उठून परत आत येतो. गामिनीत तसं नाही. बाद झाला तो झाला, अख्खी बाजू गारद होईपर्यंत त्याला उठणं नाही. मी गामिनीतला. मला वाटतं, परत यायची सोय नसली की माणूस जपून पाय टाकतो. तुम्हाला संजीवनीच पाहिजे. त्यातही तुमचा हट्ट, की आधी बाद झालेला आधी उठेल. गावोगाव कप्तान आपला भारी गडी आधी उठवतात, ते तुम्हाला खपायचं नाही. मी म्हणायचो, "मास्तर, संजीवनी आमच्या पुराणातली, आणि तिच्यासाठी भांडताय तुम्ही." तुम्ही म्हणायचात, "तुम्ही वापरत नाही म्हणून."

चाकणचा सामना आठवतो? कांद्याच्या ट्रकमधून, कांद्याच्या पोत्यांवर बसून आपण सगळे गेलो होतो. चाकणच्या लोकांनी गामिनीच धरली. मी मनातून खूश. तुम्ही हरकत घेतली नाहीत. याकोब आपला हुकमी गडी, त्याचं तेव्हा लग्नही ठरलं होतं, त्यामुळे अंगात जरा जास्तच वारं भरलेलं. पहिल्याच चढाईला तो बेफाम आत घुसला आणि चाकणच्या दोघांनी त्याला उचलून आपटला. बाद. आता आपली अख्खी बाजू गारद होईपर्यंत रेघेबाहेर.

मी बाकीच्यांना ओरडून ओरडून खेळवत होतो. मध्येच वळून पाहिलं तर तुम्ही जागेवर नव्हतात. तुम्ही रेघेबाहेर याकोबच्या शेजारी मांडी घालून बसला होतात. सामन्याकडे पाठ. त्याच्याशी बोलतही नव्हतात. आपली बाजू तिकडे हरत होती आणि तुम्ही एका बाद गड्याला सोबत करत होतात. मला असा राग आला! परतीच्या वाटेवर ट्रकमध्ये आपलं जुंपलं.

"सामना मैदानात असतो, मास्तर. रेघेबाहेर न्हाई."

"मैदानात तुम्ही होतात की. बाहेर कुणी नव्हतं."

"तो चुकला. त्याला बसू द्या की. त्याशिवाय शिकायचा कसा?"

"बसून माणूस बसायलाच शिकतो, वस्ताद."

"सावध राहायला शिकतो!"

पोरं पोत्यांवर झोपेचं सोंग घेऊन ऐकत होती. याकोबच मधे म्हणाला, "तुमी दोगं भांडू नका राव, म्या फुडल्या येळंला नीट खेळतो." आणि तो खरंच नीट खेळला, पुढच्या वर्षी चाकणलाच. मी म्हणालो, बघा, गामिनीने शिकवलं. तुम्ही म्हणालात, "मी सोबत बसलो म्हणून." याचा निकाल कसा लावायचा?

आणि आता ते, जे आपण कधीच बोललो नाही.

शिबिर कशासाठी आहे हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यामुळे मी वाट बघत होतो. आज ना उद्या हा माणूस मला विचारणार, वस्ताद, तुम्ही आमच्यात कधी येता? शिबिरात येणाऱ्या इतरांनी विचारलं. एका प्रवचनकारांनी तर भर जेवणात विचारलं, आणि मी म्हणालो, आधी तुमची पकड सुधारा, मग मला धरा. तुम्ही वाढत होतात. तुम्ही माझ्या पानात आमटी वाढलीत आणि पुढे गेलात. तुम्ही कधीच विचारलं नाहीत. माझं उत्तर तयार होतं. ते 'नाही' असंच होतं. आमच्या घरातला मोरया, तालमीतला मारुती, हे सोडून मी कुठे जाणार नव्हतो. पण दरवर्षी शिबिर संपायचं, मी सायकलवर टांग मारायचो आणि मनात यायचं, यंदाही नाही. हळूहळू त्याचं वाईट वाटायला लागलं. म्हणजे मी विचारण्याच्याही लायकीचा नाही की काय? नाकारायचं तरी सुख मिळावं की नाही माणसाला?

तुम्ही छातीच्या दुखण्याने पुण्याच्या दवाखान्यात पडलात तेव्हा मी पाळी संपवून लोकलने भेटायला आलो. तुम्ही उशीला टेकून बसला होतात, चेहरा अगदी उतरलेला. मी काय बोलावं या विचारात, तोवर तुम्हीच म्हणालात, "यंदा मे महिन्यात संजीवनीच. आजारी माणसाचं ऐकायचं असतं." मी म्हणालो, "आजाराचा फायदा घेऊ नका." आपण पुन्हा सुरू झालो. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कान देऊन ऐकत होता आणि शेवटी त्याने तुमच्या बाजूने मत दिलं. मग भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली. मी उठलो तर तुम्ही मनगट धरलंत. पकड ढिली होती, मास्तर, ते मला तिथेच जाणवलं.

"वस्ताद, एक विचारायचं राहिलंय."

"विचारा."

नर्सबाई येऊन उभी राहिली. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "सवडीनं विचारतो. पुढच्या वेळी."

जिना उतरताना मी मनात म्हटलं, आलं शेवटी. खरं सांगू? मला बरं वाटलं. आणि उत्तर तयार असूनही, लोकलमध्ये बसल्यावर मी पहिल्यांदाच ते उत्तर पुन्हा तपासून पाहिलं. ते तेच होतं. पण पाहिलं तपासून. पुढची वेळ तुम्ही येऊ दिली नाहीत.

मूठमातीनंतर तुमच्या घरी गेलो. माणसं पांगल्यावर वहिनींनी चहा दिला. मी मघाच्या टिळ्याबद्दल ओशाळून काहीतरी बोलायला लागलो तर त्या म्हणाल्या, "असू द्या भाऊजी. त्यांना माहीत होतं तुम्ही माती कशी उचलता." मग मी विचारलंच. वहिनी, त्यांना मला काय विचारायचं होतं?

"मे महिन्यातलं शिबिर तुम्ही बघाल का, हेच. खेळाचं तेवढं. प्रार्थनेचं पाळक बघतील, असं म्हणाले होते."

"एवढंच?"

"एवढंच."

मी कपाकडे बघत राहिलो. वहिनी हुशार आहेत. त्यांना मी न विचारलेलंही कळलं.

"ते दुसरं मनात होतंच की, भाऊजी. रोजच्या प्रार्थनेत तुमचं नाव असायचं. मीच एकदा म्हटलं, अहो मग एकदा विचारून टाका ना. तर म्हणाले, मी विचारलं की वस्तादांना वाटेल, इतकी वर्षं हा गळ टाकून बसला होता. माठातलं पाणी, ते सराटे, ती भांडणं, सगळं आमिष ठरेल." त्यांनी चहाची किटली बाजूला ठेवली. "त्यांना हे सोपं गेलं नाही. ज्याच्यावर जीव आहे त्याला आपल्याजवळचं सगळ्यात चांगलं द्यायचं, हेच आमचं शिकवणं. आणि ते तुमच्यापुढे मूठ झाकून बसले. यात आपली चूक तर होत नाही ना, असं मला विचारायचे. मी काय सांगणार?"

मास्तर, घरी येईपर्यंत मी रागात होतो. तुमच्यावर. माझ्यावर एवढाच भरवसा? मला खेळ कळतो, मला माणूस कळला नसता? मी 'नाही' म्हणालो असतो, तुम्ही 'बरं' म्हणाला असतात आणि आपण सराटे वेचायला गेलो असतो. असं मला वाटतं. पण तसं झालं असतं का? की मी दुसऱ्या दिवशी पुन्हा तांब्या भरून आणला असता? मला ठामपणे सांगता येत नाही. तुम्हीही सांगू शकला नसतात, आणि म्हणून तुम्ही सगळा त्रास स्वतःकडे ठेवलात आणि मला मात्र मोकळं ठेवलंत. माझ्यासाठी असं कुणी केलेलं नाही. मला तुमची आठवण फार येते.

परवा नवे पाळक सायकलवरून तालमीत आले. चुलते आता थकलेत, तरी खांब सोडलेला नाही. पाळक दारात दिसताच त्यांनी सुरुवात केली, "पावणं, मानूस तुमी चांगलं दिसताय, पर..." मी म्हटलं, तात्या, गप्प बसा. पाळक बिचारे चाचरतच बोलले. कमिटीतल्या काहींचं म्हणणं आहे, मास्तर गेले, आता हुतुतू नको, व्हॉलीबॉल ठेवू, सुटसुटीत आहे. पण मास्तरांची इच्छा वेगळी होती असं वहिनी सांगतात. मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही माती कपाळाला लावलीत, ती का?"

मी त्यांना आदामाचं सांगितलं. आजोबाचं.

"हे मास्तर म्हणाले?" ते मनापासून हसले. चांगला माणूस आहे. तुम्हाला आवडेल. पकड मात्र काही नाही, हात अगदी मऊ.

शिबिराचा खेळ बघायला मी त्यांना हो म्हणालो आहे. दुसरी पाळी मागून घेतली आहे. दुपारी सराटे वेचायला मी आणि याकोब आहोत. प्रार्थनेच्या वेळी मी नेहमीसारखा जांभळीखाली असेन, आणि ते पाळकांना आधीच सांगितलं आहे. फक्त एक अट घातली, खेळ कसा खेळवायचा ते मी ठरवणार. त्यांनी मान्य केलं. त्यांना काय कळतंय त्यातलं.

तर मास्तर, यंदा संजीवनी.

मला पटलेलं नाही, हे लिहून ठेवा. गामिनीच खरी, असं मी अजूनही म्हणतो, आणि तुम्ही असतात तर यंदाही भांडलो असतो. पण माझ्या मनाने गामिनी धरली तर तुमच्यासाठी मैदानात काहीच उरत नाही, आणि ते मला चालणार नाही. तुमच्या नियमाने चालू. बाद झालेले रेघेबाहेर ओळीने बसतील आणि आधी बाद झालेला आधी उठेल. ओळीतली पहिली जागा मी मोकळी ठेवतोय. तिथले सराटे वेचून घेतो. बूट काढून बसा.